मृगातला उजेड कुणाचा

मृगाच्या पोटात शिरलेला बाण बहुतेकांना ठाऊक असतो. एका ओळीतले तीन तारे, आणि त्यांची रेघ खाली वाढवत नेली की लखलखणारा व्याध. त्या बाणाच्या थोडं दक्षिणेला आणखी एक बारीक रांग आहे, उभी, फिकट ताऱ्यांची. त्यातला मधला ठिपका ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. त्याच्या कडा पुसट आहेत. शहराबाहेर, चंद्र नसलेल्या रात्री हे नुसत्या डोळ्यांनाही कळतं. हाच मृगातला मोठा तेजोमेघ, शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने केलेल्या धुरकट ठिपक्यांच्या यादीतला बेचाळिसावा.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात थंडीच्या दिवसांत हा हमखास दाखवला जातो. दुर्बिणीपुढे रांग लागते, दाखवणारा सांगतो, “इथे तारे जन्माला येतात,” बघणारा “वा!” म्हणतो, पुढचा माणूस डोळा लावतो. हे वाक्य खोटं नाही. त्या भागात गेल्या वीस-तीस लाख वर्षांत दोनेक हजार तारे जन्मले आहेत आणि मागच्या अंधाऱ्या ढगात अजून जन्मताहेत. पण दुर्बिणीत दिसतो तो उजेड जन्माचा नाही. तो उजेड एका ताऱ्यामुळे आहे, आणि तो तारा तिथे जे करतो आहे त्याला मोडतोड म्हणावं लागेल. ज्या ढगातून तो निघाला तो ढग तो संपवतो आहे, आणि संपवताना जे चमकतं ते आपल्याला सुंदर दिसतं. रांगेतल्या प्रत्येकाला आधी हा तारा दाखवावा आणि मग ढग, असं मला फार वाटतं. म्हणून हा लेख त्या ताऱ्यावर.

त्याचं नाव थीटा-१ ओरायनिस सी. लहान दुर्बिणीतून तेजोमेघाच्या सर्वांत उजळ भागात चार तारे अगदी जवळजवळ दिसतात, ते ट्रॅपेझियम. चौघांतला सगळ्यात ठळक तो हाच. ठळक म्हणजे किती? दृश्यप्रत ५.१ (प्रत म्हणजे दिसणाऱ्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा फिका). तो एकटा असता तर गावाकडच्या आकाशातही शोधून काढावा लागला असता. गॅलिलिओने १६१७ साली याच जागी तीन तारे पाहून त्यांचं चित्र काढलं, पण भोवतीच्या ढगाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. फ्रान्समध्ये पेरेस्कने तो ढग १६१०मध्येच पाहिला होता. हॉयगन्सने १६५६ साली तो पाहिला आणि पुढे त्याचं रेखाचित्र छापलं, म्हणून मधल्या झगझगीत भागाला आजही हॉयगन्सचं नाव आहे. न्यूयॉर्कजवळच्या आपल्या वेधशाळेतून हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटं काच उघडी ठेवून त्याचा फोटो घेतला. कुठल्याही तेजोमेघाचा हा पहिला फोटो. म्हणजे पाहणं, काढणं, टिपणं हे सगळं आधी झालं. तो कशामुळे चमकतो, हे मात्र विसाव्या शतकापर्यंत नीट कळलं नव्हतं.

अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. आपला सूर्य तिथे नेऊन ठेवला तर तो तेराव्या प्रतीचा होईल, आणि लहान दुर्बिणीत दिसणारही नाही. हा तारा तिथून पाचव्या प्रतीचा दिसतो. त्याचं वस्तुमान सूर्याच्या तीस-चाळीस पट आणि एकूण तेज सूर्याच्या सुमारे दोन लाख पट आहे. दोन लाख पट तेज असूनही तो डोळ्यांत भरत नाही, कारण त्यातला फारच थोडा भाग आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात येतो. पृष्ठभागाचं तापमान जवळजवळ ३९,००० केल्विन आहे. एवढ्या तापलेल्या वस्तूचा प्रकाश मुख्यतः अतिनील असतो. एखाद्या ताऱ्याचं तापमान इतक्या लांबून कसं कळतं, तर त्याच्या वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यावरून. अशा ताऱ्यांच्या वर्णपटात इलेक्ट्रॉन गमावलेल्या हीलियमच्या रेषा असतात. कोणत्या तापमानाला कोणता अणू किती प्रमाणात मोडलेला असेल, हे गणित कलकत्त्याच्या मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं. ताऱ्यांच्या वर्णपटांवरून तापमान वाचायची किल्ली तिथून हाती आली.

आता त्याच मृगातला राजन्य पाहा. पायाजवळचा, निळसर पांढरा, आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक. खरं तेजही सूर्याच्या लाखभर पट. तरीही असा तेजोमेघ पेटवणं राजन्यला जमणार नाही, कारण त्याचं तापमान बारा हजारांच्या आसपास आहे. तांबूस काक्षीचा तर प्रश्नच नाही; ती साडेतीन हजारांवर आहे. म्हणजे नक्षत्रातले दोन्ही नामवंत तारे या कामाला निरुपयोगी, आणि ज्याला मराठीत नावसुद्धा नाही तो पाचव्या प्रतीचा तारा सगळा ढग उजळून टाकतो.

कारण सगळा खेळ एका उंबऱ्याचा आहे. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन पूर्ण सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. प्रकाशाच्या भाषेत बोलायचं तर तरंगलांबी ९१.२ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी हवी. त्याहून लांब तरंगांचा प्रकाश कितीही ओतला तरी सामान्य स्थितीतला हायड्रोजन तुटत नाही. राजन्यच्या प्रकाशात या उंबऱ्यापलीकडचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, अत्यल्प आहेत. थीटा-१ सी असे फोटॉन दर सेकंदाला १०^४९च्या घरात सोडतो, म्हणजे एकावर एकोणपन्नास शून्यं. तापमान तिप्पट झालं की या उंबऱ्यापलीकडचा प्रकाश कित्येक हजार पटींनी वाढतो.

मग त्या वायूत काय होतं? एक फोटॉन येतो आणि हायड्रोजनचा अणू फोडतो. प्रोटॉन एकीकडे, इलेक्ट्रॉन दुसरीकडे. तेजोमेघाच्या मध्यभागी घनसेंटिमीटरला साधारण दहा हजार इलेक्ट्रॉन आणि तेवढेच प्रोटॉन आहेत. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच लाख कोटी कोटींच्या आसपास, म्हणजे १०^१९च्या घरात रेणू असतात. या विरळ गर्दीत एका प्रोटॉनला पुन्हा आपला इलेक्ट्रॉन पकडायला साधारण दहा-बारा वर्षं लागतात. पकडला की तो इलेक्ट्रॉन वरच्या पायरीपासून एकेक पायरी उतरत खाली येतो, आणि प्रत्येक पायरीला एक फोटॉन सुटतो. तिसरीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल फोटॉन सुटतो. छायाचित्रांत तेजोमेघ लालगुलाबी दिसतात ते यामुळे. खगोलछायाचित्रकार ज्याला एच-अल्फा म्हणतात तो हाच. अणू पुन्हा अखंड झाला. आणि किती वेळ? ताऱ्याच्या जवळच्या भागात जेमतेम काही तास. तेवढ्यात पुढचा अतिनील फोटॉन येऊन त्याला पुन्हा फोडतो.

दहा-बारा वर्षं तुटलेला आणि काही तास जुळलेला. त्या जुळण्याच्या क्षणी सुटलेला प्रकाश आपल्यापर्यंत येतो. हे पहिल्यांदा हिशेबाने माझ्यासमोर आलं तेव्हा मी कितीतरी वेळ वहीकडे बघत बसलो होतो. आपण तेजोमेघ म्हणून जो स्थिर, निवांत ढग बघतो, त्याच्या प्रत्येक उजळ बिंदूत हे अविरत चालू आहे. त्या ढगाकडे साठवलेला उजेड नाही. तारा उद्या विझला असं धरलं, तर मधला झगझगीत भाग दहा-पंधरा वर्षांत काळवंडेल. कडेचा विरळ भाग हजारभर वर्षं धुगधुगेल, कारण तिथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनची गाठ पडायला तेवढा वेळ लागतो. मग संपलं.

हर्मन झान्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस यातून एक विलक्षण गोष्ट काढली. सगळे अतिनील फोटॉन त्या वायूतच शोषले जात असतील, तर प्रत्येक फोटॉनमागे एक तुटणं आणि शेवटी एक जुळणं. आणि प्रत्येक जुळण्यात इलेक्ट्रॉन उतरताना दृश्य मालिकेतला एक फोटॉन सोडतो. म्हणजे ढगाचा दिसणारा प्रकाश मोजला की ताऱ्याचा न दिसणारा प्रकाश मोजला गेला. अवकाशात एकही यंत्र गेलेलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. ९१.२ नॅनोमीटरखालचा ताऱ्याचा प्रकाश वाटेतल्या हायड्रोजनमुळे आपल्यापर्यंत पोचणं जवळपास अशक्य असतं, तरी तो किती आहे हे ढगाने सांगितलं.

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर आम्ही फेब्रुवारीत आकाशदर्शन ठेवलं होतं. पोरं आधी शनी दाखवा म्हणून मागे लागली, शनी तेव्हा नव्हता, मग तेजोमेघावर समाधान मानून पांगली. मागे राहिले एक म्हातारे बाबा, डोक्याला मफलर गुंडाळलेले. दहा इंची डॉब्सोनियन दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ उभे. मी म्हटलं, बाबा, थेट मध्ये बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा, म्हणजे पसारा दिसेल. ते हलले नाहीत. मग म्हणाले, “ह्यात जळतंय काय, सर?”

“जळत काहीच नाही, बाबा.”

“जळत न्हाई, मग उजेड कशाचा?”

मी त्यांना मधले चार तारे दाखवले, त्यातला मोठा कोणता ते दाखवलं, आणि सांगितलं की हा तारा भोवतीच्या हवेचे कण तोडतो, ते पुन्हा जुळतात, आणि जुळताना उजेड पडतो. त्यांनी डोळा न काढताच विचारलं, “आन् पुन्ना तोडतो?” म्हटलं, हो, पुन्हा तोडतो. “थांबत न्हाई?” तो तारा आहे तोवर नाही. ते म्हणाले, “हिरवट दिसतंय पन.”

हिरवटच दिसतं. मोठ्या दुर्बिणीतून, अंधाऱ्या जागी तेजोमेघाचा मधला भाग राखाडी हिरव्या छटेचा दिसतो, आणि छायाचित्रांतला लाल शोधणारी माणसं नाराज होतात. बाबांनी छायाचित्रं पाहिलेली नव्हती, म्हणून त्यांनी जे होतं ते पाहिलं. आणि त्या हिरव्याने शास्त्रज्ञांना साठ वर्षं छळलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाद होता की हे धुरकट ठिपके म्हणजे लांबचे ताऱ्यांचे पुंजके की खरोखरीचा वायू. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी बहात्तर इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि मृगातला तेजोमेघ ताऱ्यांमध्ये सुटा होतो आहे असं जाहीरही केलं. मग १८६४च्या ऑगस्टमध्ये लंडनजवळ घरच्या वेधशाळेत विल्यम हगिन्स यांनी कालेय नक्षत्रातल्या एका तेजोमेघावर वर्णपटदर्शक लावला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसलाच नाही. सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या, त्यातली मुख्य हिरवी. सुट्या रेषा म्हणजे विरळ वायू. त्या तेजोमेघापुरता वाद एका रात्रीत मिटला. मृगातल्या तेजोमेघातही त्याच रेषा मिळाल्या. पण ५०० नॅनोमीटरजवळच्या दोन हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेनात. नवं मूलद्रव्य असावं असं मानून त्याला नेब्युलियम म्हटलं गेलं. सूर्यात हीलियम आधी सापडलं आणि पृथ्वीवर नंतर, तेव्हा हेही तसंच असेल, अशी आशा होती. आवर्तसारणी भरत गेली आणि नेब्युलियमला जागा उरेना.

१९२७ साली कॅलिफोर्नियात आयरा बोवेन यांना ते उमगलं. तो प्राणवायू होता. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे इथेही तो तापलेला तारा हवाच. या अणूची एक उत्तेजित स्थिती अशी आहे की तिथून खाली यायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. अणूंच्या जगात हा कल्पनेपलीकडचा काळ आहे. एच-अल्फा सुटायला सेकंदाचा दहा कोटीवा भाग पुरतो. प्रयोगशाळेतल्या निर्वात नळीतही तेवढ्या वेळात अणूला असंख्य टकरा बसतात आणि त्याची ऊर्जा टकरीतच जाते. रेष उमटतच नाही. मृगात मात्र इतकं एकाकीपण आहे की त्या अणूला तो अर्धा मिनिट मिळतो. आणि आपल्या डोळ्यांचे अंधारात काम करणारे पेशी नेमके याच ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात, लालाला जवळपास आंधळे. बाबांच्या डोळ्यात शिरलेला हिरवा प्रकाश पृथ्वीवरच्या हवेत तयारच होऊ शकत नाही.

त्या रात्री समोरच्या डोंगरावर वणवा लागला होता. लांब होता, धूर आमच्याकडे नव्हता, पण उतारावर लाल नागमोडी रेघ चढताना दिसत होती. बाबा दुर्बिणीपासून बाजूला झाले, तिकडे हात करून म्हणाले, “वणव्याला बी कड असती. आत कोळसा, भाईर रान. उजेड कडंला.” तेजोमेघाची रचना समजावताना मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही. आपण ज्याला तेजोमेघ म्हणतो तो एका प्रचंड थंड, काळ्या रेण्वीय (म्हणजे जिथे वायू रेणूंच्या रूपात असतो अशा) ढगाचा आपल्याकडचा पोखरलेला पृष्ठभाग आहे. मागच्या ढगात लाखभर सूर्य होतील एवढं द्रव्य आहे. थीटा-१ सी त्या ढगाच्या आपल्या बाजूच्या कडेला जन्मला आणि त्याने समोरचा वायू तोडून खोलगट पोकळी केली. तुटलेला वायू तापला, दहा हजार अंशांच्या आसपास गेला, दाब वाढला आणि तो मोकळ्या बाजूने, म्हणजे आपल्या दिशेने, बाहेर वाहू लागला. पोकळीची मागची भिंत जिथे अजून शाबूत आहे तिथे तुटण्याची कड आहे. तिथला वायू सर्वांत दाट, म्हणून उजेडही तिथेच सर्वांत जास्त. कडेपलीकडे अंधार, आणि त्या अंधारात पुढचे तारे.

ही कड किती धारदार असते हे बेंग्ट स्ट्रॉमग्रेन यांनी १९३९ साली गणिताने दाखवलं. अतिनील फोटॉन अखंड हायड्रोजनमध्ये शिरला की फार आत जाऊच शकत नाही. मृगातल्या घनतेला ही सीमा पृथ्वी आणि सूर्यामधल्या अंतराच्या मापात मोजावी लागते. प्रकाशवर्षांत पसरलेल्या ढगात एवढीशी जाडी म्हणजे रेघच. ती तुम्हाला बघताही येते. ट्रॅपेझियमच्या आग्नेयेला, थीटा-२ या ताऱ्याजवळ तेजोमेघाला एक सरळ कापल्यासारखी कड आहे. तिला ओरायन बार म्हणतात. तिथे भिंत आपल्याला बाजूने दिसते. चार इंची दुर्बिणीत, थोडं मोठेपण वाढवून, ती कड पाहा. तो तारा आज कुठवर पोचला आहे ते तिथे दिसतं.

पोखरायला नुसता प्रकाश नाही. ताऱ्याच्या पृष्ठभागावरून सेकंदाला दोन-अडीच हजार किलोमीटर वेगाने वारा सुटतो. बोइंग ७४७मध्ये बसवलेली सोफिया नावाची दुर्बीण होती; हवेतल्या बाष्पाच्या वर, बारा-तेरा किलोमीटर उंचीवरून ती अवरक्त प्रकाश पाहायची. कॉर्नेलिया पाब्स्ट आणि सहकाऱ्यांनी तिच्या मदतीने आयनित (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनचा नकाशा काढून २०१९ साली दाखवलं की या वाऱ्याने तेजोमेघाच्या समोर एक मोठं कवच फुगवलं आहे आणि ते सेकंदाला तेरा किलोमीटर वेगाने पसरतं आहे. हजारांनी सूर्य होतील एवढं द्रव्य त्या कवचात झाडलं गेलं आहे. पोकळीत आता नवे तारे होण्यासारखं फारसं उरलेलं नाही. “इथे तारे जन्माला येतात” हे वाक्य ज्या जागेकडे बोट दाखवून म्हटलं जातं, नेमक्या त्या जागी जन्म थांबला आहे.

थांबला नुसता नाही; झालेल्या जन्मांवरही घाला आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ओडेल यांनी हबल दुर्बीण ट्रॅपेझियमकडे वळवली. तिथल्या कोवळ्या ताऱ्यांभोवती वायू आणि धुळीच्या चकत्या दिसल्या, ज्यांतून पुढे ग्रह व्हायचे. आणि ताऱ्याच्या जवळच्या चकत्यांना आवरण आलेलं, मागे शेपूट सुटलेलं. प्रत्येक शेपूट थीटा-१ सीच्या बरोबर विरुद्ध दिशेला. म्हणजे चकत्या वितळताहेत. काहींतून वर्षाला सूर्याच्या कोटीव्या ते दशलक्षाव्या हिश्श्याएवढं द्रव्य निघून जातं. चकतीचं एकूण द्रव्य सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढं असेल, तर लाखभर वर्षांत काय उरेल? गुरूसारखा वायूचा मोठा ग्रह व्हायला वायू तर हवा. ओरायन बारजवळच्या एका लहान ताऱ्याच्या चकतीत जेम्स वेब दुर्बिणीला २०२३मध्ये मिथाइलचा एक आयन सापडला, जो अवकाशात आधी कधीच दिसला नव्हता. कार्बनची गुंतागुंतीची रसायनं घडवण्यात त्याचा हात असावा असं मानतात. तो तिथे तयार होतो तोही अतिनील प्रकाशाच्या माऱ्यामुळेच. एकाच प्रकाशाने चकती झडते आणि तिथलं रसायनशास्त्रही सुरू होतं. या दोन्हींतलं एक निवडून सांगणं मला पटत नाही.

आणि हे आपल्यापासून परकं नाही. १९६९ साली मेक्सिकोत आयेंदे इथे पडलेल्या अशनीत १९७६मध्ये ॲल्युमिनियम-२६च्या खुणा सापडल्या. हे किरणोत्सारी ॲल्युमिनियम सात लाख वर्षांत निम्मं होतं, म्हणून सूर्य घडताना ते ताजं असलं पाहिजे. ते कुठून आलं यावर अजून वाद आहे, पण मुख्य संशयित म्हणजे जवळचे वजनदार, तापट तारे. सूर्यही अशाच एखाद्या गर्दीत, अशाच एखाद्या ताऱ्याच्या उजेडात जन्मला असण्याची शक्यता खरी आहे. आपली चकती ग्रह होईपर्यंत टिकली, एवढं निश्चित.

अशा ताऱ्यांचं आयुष्य थोडं. सूर्याला एक हजार कोटी वर्षं मिळतात. थीटा-१ सीला काही दशलक्ष, आणि शेवट बहुधा अतिनवताऱ्याच्या स्फोटात. लाखो ताऱ्यांत एखादाच एवढा वजनदार निघतो. पण तेवढ्या थोड्या आयुष्यातही यांतले काही जागा सोडून जातात, आणि मला मृगाच्या गोष्टीतला सर्वांत आवडता भाग हाच आहे.

तेजोमेघाच्या लगेच दक्षिणेला, त्या बारीक रांगेच्या खालच्या टोकाला आयोटा ओरायनिस नावाचा तारा आहे. तो जोडतारा आहे, आणि त्याची कक्षा विचित्र लांबुळकी आहे. १९५४ साली ब्लाउ आणि मॉर्गन यांनी दाखवलं की सारथी नक्षत्रातला एई ऑरिगी आणि दक्षिणेकडच्या कपोत नक्षत्रातला म्यू कोलंबी हे दोन तापट तारे जवळजवळ सारख्या वेगाने, सेकंदाला सुमारे शंभर किलोमीटरने, बरोबर विरुद्ध दिशांना पळताहेत. त्यांच्या वाटा मागे नेल्या तर सुमारे अडीच दशलक्ष वर्षांपूर्वी त्या मृगात एकत्र येतात. दोन जोड्या एकमेकींच्या फार जवळ आल्या, जोडीदार बदलले गेले, दोघे बाहेर फेकले गेले आणि दोघे आयोटा होऊन राहिले, असं नंतरच्या अभ्यासातून दिसतं.

म्यू कोलंबी रिकाम्या अवकाशातून चालला आहे. त्याचे फोटॉन तोडायला भोवती फारसं काही नाही. एई ऑरिगी मात्र एका ढगात शिरला. तो ढग त्याचा नाही, तो तिथे जन्मला नाही, वाटेत आला एवढंच. तरी त्याने तिथला हायड्रोजन तोडायला घेतला आणि तो ढग लाल उजळला. जवळची धूळ त्याच्याच प्रकाशाने निळी दिसते. आयसी ४०५ हे त्या तेजोमेघाचं नाव. मृग पाहून झाला की त्याच रात्री दुर्बीण उत्तरेला वळवा. ब्रह्महृदय आणि वृषभाच्या शिंगाच्या टोकावरचा अग्नी यांना जोडणाऱ्या रेषेवर दोन तृतीयांश अंतर खाली या, आणि किंचित पश्चिमेला सहाव्या प्रतीचा तारा शोधा. द्विनेत्रीत तारा मिळेल, ढग मिळणार नाही. ढगासाठी कॅमेरा आणि बराच वेळ हवा. याच वेगाने जात राहिला तर काही दहा हजार वर्षांत तो त्या ढगाच्या पलीकडे निघालेला असेल, आणि तिथला हायड्रोजन पुन्हा अखंड होऊन अंधारात जाईल.